इतर व अनिर्दिष्ट भाग

साल २००२, जानेवारीची सोळा तारीख, बुधवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. वेळेसकट सांगते, कारण चौतीस वर्षं मी इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली आणि तारीख-वेळ नसलेला कागद कधी फायलीला लावला नाही. संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात होता. पुढच्या वर्षी कुंभमेळा यायचा होता, म्हणून नाशिकचे रस्ते जागोजाग खणून ठेवले होते. पायी चालणाऱ्याला दर पन्नास पावलांवर पडायची सोय होती. माझ्या ओळखीची चार माणसं त्या महिन्यात खड्ड्यात पडली, आणि मानाने पडली. कंत्राटदाराचा उद्धार करत, लोकांची सहानुभूती घेत घरी गेली. मी पडले ती पुस्तकावरून.

पुस्तकाबद्दल आधी सांगायला हवं. आमचं इस्पितळ एका धर्मादाय ट्रस्टचं. तिथल्या ट्रस्टींना अठ्ठ्याण्णव साली असा शोध लागला की जगातल्या प्रत्येक दुखण्याला एक नंबर असतो. माणूस जपानमध्ये धडपडो की पेठ तालुक्यात, घोटा मुरगळला की नंबर एकच. लगेच तीन जाडजूड खंड मागवण्यात आले. ते वाचणार कोण? डॉक्टरांना वेळ नव्हता, नर्सना तर बसायलाही वेळ नव्हता. माझं अक्षर चांगलं होतं. एवढ्या पात्रतेवर मी 'कोडवाल्या बाई' झाले.

खोटं कशाला बोलू, मला ते काम फार आवडलं. एक अक्षर, दोन आकडे, टिंब आणि पुढे एक आकडा, एवढ्यात माणसाचा सगळा आक्रोश मावतो. घोट्याची मुरगळ म्हणजे एस त्र्याण्णव पॉइंट चार. मला ते इतकं भिनलं की लग्नकार्यात पंगतीत बसले तरी समोरच्या ओळीतल्या माणसांचे नंबर मनात यायचे. आमच्या ह्यांना, म्हणजे धनराज खैरनारांना, अजीर्ण झालं तेव्हा मी आधी नंबर सांगितला आणि मग ओवा दिला. हे पाटबंधारे खात्यात होते. म्हणाले, "ललिता, आमच्याकडे धरण फुटलं तरी इतकं शांतपणे कोणी सांगत नाही."

या उत्साहात मी दोन गोष्टी केल्या. पुढचं सगळं रामायण त्या दोन गोष्टींतून झालं, म्हणून त्या लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट. इस्पितळात कॉम्प्युटर आला तेव्हा अंबडहून दर मंगळवारी येणारा कॉम्प्युटरवाला सुनील म्हणाला, "मॅडम, यादी थोडी छोटी करून द्या. मशीन दमतं." मी त्या पुस्तकातल्या 'इतर व अनिर्दिष्ट भाग' अशा ज्या ओळी होत्या, त्या सगळ्या तांबड्या पेन्सिलीने छाटल्या. 'इतर' हा आळशी कारकुनाचा शब्द आहे, असं माझं ठाम मत होतं. ज्याला नीट शोधायचं नसतं तो 'इतर'मध्ये टाकतो. माझ्या रेकॉर्ड रूममध्ये 'इतर' चालणार नाही! हे वाक्य मी मीटिंगमध्ये उभं राहून म्हटलं होतं, आणि टाळ्या पडल्या होत्या.

दुसरी गोष्ट. आमचे प्रशासक गोरक्ष सानप साहेब. सरकारी ट्रेझरीतून निवृत्त होऊन ट्रस्टकडे आलेले. दिवसातून पन्नास वेळा विचारायचे, "हे नियमात बसतं का?" आया, वॉर्डबॉय, नर्स आजारपणाची रजा फार घेतात, असं त्यांना वाटे. मी त्यांना एक तक्ता करून दिला. डावीकडे नंबर, उजवीकडे रजेचे दिवस. सर्दी दोन. कावीळ एकवीस. पायाची मुरगळ सात. साहेबांनी तो तक्ता फ्रेम करून हजेरीपटाच्या वर लावला. इकडे गणपती, तिकडे माझा तक्ता.

दोन हजार साली आमच्या आया सगुणाबाई पाण्याची बादली घेऊन जिना उतरताना एक पायरी चुकल्या. पाऊल दुमडलं. फोटो काढला, हाड शाबूत होतं. मी मुरगळीचा नंबर टाकला आणि सात दिवस दिले. आठव्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, "बाई, पाय टेकवत नाय अजून. आणखी थोडं दिवस मिळत्याल का?"

मी फ्रेमकडे बोट दाखवलं. "तक्त्यात सात आहेत, सगुणाबाई."

"मग ऱ्हाऊ द्या," असं म्हणून त्या गेल्या. तेव्हापासून त्या जरा लंगडत. आम्हाला त्याची सवय झाली. त्यांनाही झाली असेल, असं मी धरून चालले होते.

आता सोळा जानेवारी. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे तपासणी पथक येणार होतं. तपासणी नीट झाली तर ट्रस्ट 'रेकॉर्ड अधीक्षक' अशी नवी जागा काढणार होता, आणि ती मला मिळणार हे भिंतींनाही माहीत होतं. माझ्या सेवापुस्तकात अठ्ठावीस वर्षांत तांबड्या शाईची एक रेघ नव्हती. त्या सकाळी मला सर्वांत वरच्या फळीवरचे जुने गठ्ठे काढायचे होते. स्टूल चार बोटं कमी पडत होतं. शिडी आणायला शिपायाला सांगावं, तर तो येईपर्यंत तपासणी होऊन गेली असती. मग मी स्टुलावर पुस्तकाचा पहिला खंड ठेवला आणि त्याच्यावर चढले.

बाराशे पानी पुस्तक आणि त्याला गुळगुळीत वेष्टन. मी गठ्ठ्याला हात घातला, पुस्तक एकीकडे सरकलं, मी दुसरीकडे. खाली आले तेव्हा उजव्या पायाची बोटं अंगाखाली दुमडली होती, आणि पावलाच्या मध्यात, बुटाची नाडी बांधतात त्या जागी, कोणीतरी सुतळी तोडावी तसं झालं.

खोलीत एकच माणूस होतं. फरशी पुसणाऱ्या सगुणाबाई. त्यांनी मला उठवलं, पुस्तक पुसून जागेवर ठेवलं आणि पुन्हा फडकं हातात घेतलं.

"काय झालं, मॅडम?" लोक धावत आले.

"रस्त्यात खड्ड्यात पडले. येताना," मी म्हटलं. "आता ठणका लागला." काय सांगणार? ट्रस्टच्या महागड्या पुस्तकावर पाय देऊन उभी होते, असं? सरस्वतीवर पाय! सगळ्यांनी कंत्राटदाराचा उद्धार केला. मी मान हलवली. सगुणाबाई फरशी पुसत राहिल्या.

एक्स-रे काढणारे झुंबरभाऊ. त्यांनी मला टेबलावर झोपवून पावलाचे दोन फोटो काढले. "एकदम टकाटक, मॅडम. हाड जागच्या जागी." अपघात विभागातल्या डॉक्टरांनी कागदावर 'मुरगळ' लिहून कागद कोडिंगला पाठवला. कोडिंगला म्हणजे मला. एका हाताने पायावर बर्फाची पिशवी धरून दुसऱ्या हाताने मी स्वतःच स्वतःला नंबर दिला, एस त्र्याण्णव पॉइंट चार, आणि शेजारी नियमाप्रमाणे 'घोट्याची मुरगळ' असं लिहिलं. सानप साहेबांनी फ्रेमकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे. "सात दिवस. चोवीस तारखेला हजर. तपासणी आहे, मॅडम. तोपर्यंत तुम्ही नसाल तर रेकॉर्ड रूमचा चार्ज मला दुसऱ्याकडे द्यावा लागेल. नियमात तसंच बसतं."

माझ्याच नियमात बसत होतं.

आम्ही तेव्हा सिडकोत राहत होतो. सिडकोत एका घरात फोडणी पडली की चार घरांत शिंका येतात. मी रिक्षातून उतरून उंबरा ओलांडेपर्यंत शेजारच्या कमळाबाई आत येऊन बसलेल्याच होत्या. त्या सटाण्याकडच्या.

"काय व्हयनं वं माय? पाय कितला सुजेल शे!"

"मुरगळलाय."

"मुरगळ नही शे ही. शीर चढेल शे." मग आमच्या ह्यांना नीट समजावं म्हणून त्या शहरी मराठीत आल्या. "भाऊ, डॉक्टरांच्या नादी लागू नका. घोटीला बारकू आहे, हाडवैद्य. माझ्या दिराची मान एका झटक्यात सरळ केली."

पुढचे तीन दिवस आमच्या घरी पायांचं संमेलन भरलं. जो येई तो आधी माझं पाऊल दाबून बघे, मी ओरडले की "हां, इथेच आहे" म्हणून समाधानाने बसे, आणि मग स्वतःच्या पायाची गोष्ट सांगे. हळदीचा लेप, तुरटीचं पाणी, निर्गुडीचा शेक, सगळं झालं. मागच्या गल्लीतल्या एका बाईंनी, पायाळू माणसाने लाथ मारली तर बरं होईल, असं सुचवलं. तसा एक मुलगाही त्या घेऊन आल्या होत्या. मुलगा समजूतदार होता. त्याने नकार दिला. सूज मात्र कोणाचंच ऐकत नव्हती. पाय टेकवला की पावलाच्या मध्यात कळ जाई, आणि मी सगळ्यांना ओरडून सांगे, "घोटा नाही हो, पाऊल! घोट्याच्या पुढे!" त्यावर आमचे हे म्हणत, "पण कागदावर घोटा आहे ना? तूच लिहिलंयस."

चौथ्या दिवशी, रविवारी, आम्ही घोटीला गेलो. स्कूटरवर मला बसवेना, म्हणून कमळाबाईंनी त्यांच्या दिराचा टेम्पो मिळवला. तोच दीर, सरळ मानेचा. टेम्पो पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या क्रेट्स वाहायचा. आत सगळीकडे औषधाच्या फवाऱ्याचा वास. मी पुढे केबिनमध्ये, उजवा पाय देवाच्या फोटोशेजारी डॅशबोर्डवर ठेवून. दर गतिरोधकाला देव आणि मी दोघंही उडत होतो.

घोटीत शिरल्या-शिरल्या आमच्या ह्यांच्या नाकाला नव्या तांदळाचा वास लागला. "आलोच आहोत तर," हे म्हणाले. माझ्या संसारातली निम्मी संकटं या तीन शब्दांनी सुरू झाली आहेत. इंद्रायणी तांदूळ बघायला म्हणून हे उतरले. मग कमळाबाई उतरल्या. मग दीर उतरला. मी सव्वा तास टेम्पोत पाय वर करून बसले. येणारा-जाणारा थांबून बघत होता. टेम्पोत देवीच बसवली असावी तसा एका म्हातारीने लांबून नमस्कार केला.

बारकू हाडवैद्य मला बघायला टेम्पोशीच आला. भला माणूस होता, पण घाईत होता. त्याच्या ओट्यावर वीस माणसं बसली होती. त्याने घोटा धरला.

"घोटा नाही, दादा. पाऊल."

"कागद हाय का?"

आमच्या ह्यांनी कौतुकाने माझा केसपेपर दाखवला. बारकूच्या मागोमाग आलेल्या कोणीतरी तो वाचला. "घोटाच लिवलाय."

"मग घोटाच," बारकू म्हणाला आणि माझ्या ठणठणीत घोट्याला असा काही पीळ दिला की घोटीच्या बाजारातली कुत्री उठून उभी राहिली. आम्ही परत आलो तेव्हा टेम्पोत दीडशे किलो तांदूळ होता, आणि माझं पाऊल आणि घोटा दोन्ही दुखत होते. कागदावरचा नंबर आता खरा झाला होता, एवढंच समाधान.

चोवीस तारखेला मी हजर झाले. रिक्षातून उतरले आणि फाटक ते रेकॉर्ड रूम हे साठ पावलांचं अंतर पंचवीस मिनिटांत कापलं. सानप साहेब हजेरीपटापाशी उभे होते. "बघा, सात दिवसांत आलात ना? उगाच नाही आपण तक्ता केला."

खुर्चीत बसून मी चप्पल काढली आणि पाय समोरच्या स्टुलावर ठेवला. त्याच स्टुलावर. सगुणाबाई टेबलाखालून फडकं फिरवत होत्या. त्या एकदम थांबल्या. माझा तळवा त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

"बाई, हे तळव्याला काळंनिळं कशानं?"

मी पाहिलंच नव्हतं. स्वतःचा तळवा कोण बघतं? आणि वरून पाय दाबणाऱ्या चाळीस माणसांपैकीही कोणी पाहिला नव्हता.

"माझ्याबी असंच झालतं. याच जागी," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस ऱ्हायलं. मला वाटलं, बादलीचा रंग लागला का काय."

त्यांनी फडकं बादलीत टाकलं, चाकाची खुर्ची आणली, मला न विचारता तिच्यात बसवलं आणि थेट हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर योगिनी नव्याच आल्या होत्या. मी त्यांच्या अक्षराबद्दल त्यांना दोनदा चिठ्ठी पाठवली होती. त्यांनी तळवा बघितला, पावलाच्या मध्यावर एकच बोट ठेवलं आणि मी बोंबलले.

"हा फोटो झोपून काढलाय का?"

"हो."

"उभं राहून काढा. वजन पडल्याशिवाय हे दिसत नाही."

आता झुंबरभाऊंची गंमत. त्यांच्या खोलीत उभ्याने छातीचा फोटो निघायचा आणि झोपून बाकी सगळ्याचा. वीस वर्षं.

"पायाचा फोटो उभ्यानं?" ते म्हणाले. "मशीन खाली जमिनीवर जात नाही, मॅडम."

"मग पेशंटला टेबलावर उभं करा," डॉक्टर बाई म्हणाल्या.

"टेबलावर? पडल्या म्हणजे?"

"पडत नाय," सगुणाबाई म्हणाल्या. "मी धरते."

बावन्न वर्षांची बाई, नऊवार नसली तरी पाचवार साडीतली, साठ किलोची, एक्स-रेच्या टेबलावर उभी. डोकं छताच्या पंख्यापासून वीतभर. खाली सगुणाबाई, अंगावर जड एप्रन घालून, माझ्या कमरेला विळखा घालून. झुंबरभाऊ म्हणाले, "विसर्जनाला मूर्ती उचलतात तसं दिसतंय," आणि लगेच, "श्वास रोखा," असंही म्हणाले, कारण ते त्यांच्या तोंडातच बसलं होतं. मी दुखऱ्या पायावर पूर्ण वजन टाकलं. डोळ्यांपुढे तिन्ही खंड तरळले.

फोटो आला. अंगठ्यामागचं हाड आणि शेजारचं हाड यांच्यामध्ये सरळ फट. बोट घालावं एवढी. झुंबरभाऊंनी फिल्म उजेडासमोर धरली. "च्यायला," ते हळूच म्हणाले, "आजवर किती जणांना मी टकाटक म्हणालो असेन!"

"पावलाच्या मधला सांधा निखळलाय," डॉक्टर योगिनी म्हणाल्या. "दोन स्क्रू, सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. आणि अशीच चालत राहिलात तर पाऊल कायमचं बसेल." त्या थांबल्या आणि सगुणाबाईंकडे वळल्या. "मावशी, तुम्ही चढा बघू टेबलावर."

"मी? मला काय झालंय?"

सगुणाबाईंच्या फोटोतली फट माझ्यापेक्षा मोठी होती. दोन वर्षं जुनी, कडेने झिजलेली. डॉक्टर म्हणाल्या, आता स्क्रूने भागणार नाही, सांधा जोडून टाकावा लागेल. पण दुखणं थांबेल.

"दुखणं थांबल?" सगुणाबाईंनी विचारलं. दुखतं असं त्या दोन वर्षांत मला एकदाही म्हणाल्या नव्हत्या. म्हणजे एकदा म्हणाल्या होत्या.

मला तिथेच वॉर्डात भरती केलं. कागद माझ्याच हातात आला, नंबर टाकायला. पुस्तक मागवलं. मी ज्याच्यावर उभी होते तोच खंड. पान उघडलं आणि ओळींवरून बोट फिरवलं. निखळलेला पावलाचा मधला सांधा पुस्तकात होता. एस त्र्याण्णव पॉइंट तीन. मुरगळीच्या अगदी शेजारी, एका आकड्याच्या अंतरावर. आणि त्याचं मथळ्यातलं नाव होतं: 'पावलाचे इतर व अनिर्दिष्ट भाग, सांधा निखळणे'.

इतर! देहाचा सगळा भार जिथून पुढे जातो, त्या सांध्याला पुस्तकाने 'इतर'मध्ये घातलं होतं. आणि ती ओळ मी तांबड्या पेन्सिलीने छाटली होती. चार वर्षांत असा एकही रुग्ण का नव्हता, तर त्याला बसायला ओळच नव्हती, म्हणून सगळे शेजारच्या खुर्चीत.

पुढचा फेरा ऐका. कॉम्प्युटर म्हणे, हा नंबर माझ्याकडे नाही. सुनीलला फोन केला, तो म्हणाला, "नंबर घालतो मॅडम, पण कोड समितीचा ठराव पाहिजे. तुम्हीच तसा नियम केलाय." समितीची बैठक बोलवायची तर सचिवाची नोटीस पाहिजे, आणि सचिव ड्युटीवर पाहिजे. सचिव मी. मी आजारी. पण आजारी म्हणून रजा मंजूर व्हायला तो नंबर पाहिजे. नंबर नाही म्हणून मी रजेवर नाही, आणि पाय टेकवत नाही म्हणून कामावर नाही. सानप साहेब पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, "मॅडम, सध्या तुम्ही कशातच बसत नाही."

"इतरमध्ये बसते," मी म्हटलं.

वाट काढली ती सगुणाबाईंनी. माझी उशी नीट करता करता म्हणाल्या, "बाई इस्पितळातच हायेत ना? मग ड्युटीवरच की. हजेरीपट हिकडं आणते." आणि त्यांनी खरोखर हजेरीपट आणला. मी पलंगावर सही केली. सभासद तिघंच: साहेब, डॉक्टर योगिनी आणि मी. सगळे तिथेच होते. बैठक भरली. झुंबरभाऊ निमंत्रित म्हणून दारात उभे. ओळ यादीत पुन्हा घातल्याचा ठराव झाला. माझे सहा आठवडे मंजूर झाले. तपासणीलाही चाकाच्या खुर्चीत हजर राहायची सोय झाली. साहेब खूश. वही मिटत होते.

मी म्हटलं, "आणि सगुणाबाईंचं?"

"त्यांचं काय?"

"त्यांचंही ऑपरेशन आहे. कर्मचाऱ्यांना मोफत आहे आपल्याकडे."

साहेबांनी त्यांचा जुना कागद मागवला. माझं सुंदर अक्षर. एस त्र्याण्णव पॉइंट चार. "इथे मुरगळ आहे, मॅडम. मुरगळीचं ऑपरेशन होत नाही. रजाही नाही. हे नियमात बसत नाही."

"नोंद चुकली आहे."

"जुनी नोंद बदलता येत नाही. बदलायची तर," साहेब जरा घुटमळले, कारण तेही माझेच शब्द होते, "ज्याने चूक केली त्याने तांबड्या शाईने दुरुस्त करून सही करायची. आणि चूक त्याच्या सेवापुस्तकात चढवायची. तपासणी अठरा दिवसांवर आहे, मॅडम. अधीक्षकाची जागा आहे. डॉक्टरांनी मुरगळ म्हटलं, तुम्ही मुरगळ लिहिलं. तुमची काय चूक? एप्रिलमध्ये बघू ना सगुणाबाईंचं. दोन वर्षं थांबल्यात, अजून दोन महिने."

तसं बघितलं तर त्यांचं बरोबर होतं. निदान चूक माझी एकटीची नव्हती. अठ्ठावीस वर्षांचं स्वच्छ सेवापुस्तक माझ्या डोळ्यांसमोर आलं, निळ्या कापडी पुठ्ठ्याचं. पलंगाशेजारी सगुणाबाई माझ्या चपला जोडीने लावत होत्या. ऑपरेशननंतर सहा आठवडे ज्यांची गरज पडणार नव्हती त्या चपला.

"साहेब, ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. अगदी दोन वर्षांपूर्वीच्याच आवाजात.

तो आवाज मला काही सोसला नाही. "झुंबरभाऊ," मी म्हटलं, "माझ्या ड्रॉवरमध्ये तांबडं पेन आहे."

पेन आलं आणि मी सगुणाबाईंचा जुना कागद पुढे ओढला. 'चार'वर रेघ, शेजारी 'तीन'. खाली लिहिलं: ही ओळ यादीतून मी काढली होती. आणि आता सुरुवात झालीच आहे, तर मी माझाही कागद मागून घेतला. दुखापतीचं कारण या रकान्यात 'रस्त्यातील खड्डा' होतं. ते खोडून लिहिलं: 'ट्रस्टच्या पुस्तकावर उभी राहून पडले.'

साहेबांनी वाचलं. "पुस्तकावर? कोणी पाहिलं?"

सगुणाबाई चटकन म्हणाल्या, "मी न्हाय पाह्यलं, साहेब. मी फरशी पुसत होते."

तपासणी पथक आलं, दोन दिवस राहिलं. एकतीस पानांच्या अहवालात रेकॉर्ड रूमबद्दल एकच शेरा होता: दोन नोंदींत तांबड्या शाईने खाडाखोड आढळली. खाली सूचना होती, पुस्तकं उंचीवर ठेवू नयेत.

अधीक्षकाची जागा निघाली ती कॉम्प्युटर विभागात, आणि सुनीलला मिळाली. तो आता नाशिकरोडला मोठं दुकान चालवतो. भेटला की अजून 'मॅडम' म्हणतो. सानप साहेब दोन हजार सातला पुन्हा निवृत्त झाले. जाताना त्यांनी तक्त्याची फ्रेम मला भेट दिली. मी तिच्यात नातवाचा फोटो लावला आहे. झुंबरभाऊंनी स्वतःच्या हाताने एक लाकडी चौरंग करून घेतला आणि निवृत्त होईपर्यंत पावलाचा प्रत्येक पेशंट त्याच्यावर उभा केला. त्या पहिल्या वर्षात 'इतर' या ओळीत अकरा जण बसले. डॉक्टर योगिनींचं स्वतःचं इस्पितळ आहे, अक्षर तसंच आहे. कमळाबाई सटाण्याला परत गेल्या. शेवटपर्यंत त्यांचं म्हणणं एकच, शीर चढली होती. बारकू गेला, असं घोटीच्या तांदूळवाल्याकडून कळलं. तो दीडशे किलो तांदूळ आम्ही सव्वा वर्ष खाल्ला. आमचे हे गेले त्याला आता सहा वर्षं झाली. शेवटच्या आजारात मी कागदावरचा नंबर वाचला नाही. डोळे मिटून सही केली.

सगुणाबाईंचं ऑपरेशन माझ्यानंतर नऊ दिवसांनी झालं. शेजारशेजारच्या पलंगांवर आम्ही दोघी पाय टांगून पडलो होतो. त्यांचं लंगडणं पूर्ण गेलं नाही. दोन वर्षं फार झाली होती, असं डॉक्टर म्हणाल्या. दुखणं मात्र गेलं. आता त्या मखमलाबादला लेकीकडे असतात. महिन्यातून एकदा रिक्षाने माझ्याकडे येतात, चहाला. मी दार उघडेपर्यंत आतूनच ठरवून ठेवते की आज आपण आधी विचारायचं. पण पंचाहत्तर वर्षांचे पाय, दारापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. मी कडी काढते, आणि उंबऱ्याबाहेरून त्याच आधी म्हणतात, "बाई, पाय कसा हाय आता?"